बंदुकीच्या नळीला पोचा आलाय? आधी हातोडी खाली ठेव

भावा, पहिल्याच बंदुकीला पोचा आला की जीव लई चुटपुटतो, पण घाबरू नको, साधा पोचा बहुतेकदा निघतो. आधी काडतूस नाही ना ते दोनदा बघ, मग नळी सुटी करून उजेडाकडं धर, आतली गोल सावली जिथं मोडते तिथं पोचा, बाहेरून खडूनं खूण कर.

नवीन पोरं इथंच चुकतात:
- "एवढ्यानं काय होतंय" म्हणून तसाच बार काढतात. अजिबात नको, नळी फुटू शकते.
- आत आधार नसताना बाहेरून ठोकतात. नळीच्या तोंडाकडं पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, पोचा राहतो बाजूला नि नळीच वाकडी.

खरं काम आत बोअरच्या (नळीच्या आतल्या भोकाच्या) मापाचा पितळी गट्टू घालून होतं, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून तू फक्त साफ करून तेल लाव नि सोलापुरात लायसनवाल्या मिस्त्रीकडं ने, स्वतःचं लायसन सोबत ठेव.