माऊसची शिकवणी : उठू देणारे खेळ

गेल्या महिन्यात याच पानावर मी ओघात लिहून गेले, की कराडच्या माझ्या एमएस-सीआयटीच्या क्लासात पहिले दोन दिवस मी कुणालाही वर्ड-एक्सेल दाखवत नसे, पत्ते लावायला बसवत असे. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी पेन्शनच्या ऑनलाइन फॉर्मवर सबंध लेख लिहिला तेव्हाही आली नव्हती. तेव्हा या वेळी शिकवणीला सुट्टी, नुसती तुमच्या पत्रांतल्या खेळांच्या प्रश्नांची उत्तरं.

मॅडम, मी बँकेतून निवृत्त झालो, वय ७१. मुलाने त्याचा जुना कॉम्प्युटर दिला आहे. पूर्वी ऑफिसात (जेवणाच्या सुट्टीत!) पत्ते आणि सुरुंगांचा खेळ खेळायचो. आता पत्ते उघडले की मधूनच जाहिरात येते. पूर्वीसारखं काही उरलंय का? — एक काका, मिरज

काका, कंसातल्या उद्गारचिन्हावर माझा विश्वास बसलेला नाही, पण असू दे.

१९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेले ते साधे पत्ते (‘सॉलिटेअर’) २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा गेले. आता मिळतो तो पाच-सहा खेळांचा एकत्र संच. त्यात जाहिराती येतात, आणि नको असतील तर दरमहा पैसे भरा म्हणतात. भरू नका.

इंग्लंडमध्ये सायमन टॅथम नावाचा एक प्रोग्रॅमर आहे. सर्व्हर सांभाळणारी मंडळी त्याला त्याच्या ‘पुटी’ या दूरच्या कॉम्प्युटरशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅममुळे ओळखतात. या माणसाने ‘पोर्टेबल पझल कलेक्शन’ नावाने चाळीसच्या आसपास लहान लहान कोडी लिहून ठेवली आहेत. सगळी फुकट. जाहिरात नाही, खातं उघडायला नको, आणि तुमच्या मुलाने दिलेला कॉम्प्युटर कितीही म्हातारा असला तरी चालतील. ब्राउझरमध्येही खेळता येतात.

त्यातला ‘माइन्स’ उघडा. तुमचा जुना सुरुंगांचा खेळच, पण एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे. आठवतंय का, ३० बाय १६ चा मोठा पट, ९९ सुरुंग, सगळं निगुतीने सोडवत आणलंय, आणि शेवटी कोपऱ्यात दोन चौकोन उरतात? एकात सुरुंग, एक मोकळा, आणि कुठला कोणता हे सांगणारा आकडाच नाही. तिथे डोकं संपतं आणि छापा-काटा सुरू होतो. मला त्या कोपऱ्याचा अतोनात राग आहे. टॅथमचा खेळ तुम्ही पहिला चौकोन दाबला की मगच सुरुंग पेरतो, आणि असा पेरतो की नुसत्या तर्कावर शेवटापर्यंत जाता यावं. अंदाज करायची वेळ आलीच, तर समजायचं की आपल्या नजरेतून काहीतरी सुटलंय. आणि सुरुंग फुटला तरी एक चाल मागे घेऊन पुढे खेळता येतं. फक्त खाली ‘मृत्यू : १’ अशी इंग्रजीत नोंद पडते. बँकेत हा हिशेब चालला नसता.

पत्त्यांसाठी ‘पायसोल’ घ्या. तोही फुकट, हजाराहून जास्त प्रकारचे डाव. पत्त्यांचे वेगवेगळे जोड मिळतात, त्यातला ठसठशीत आकड्यांचा निवडा, डोळ्यांना बरं पडेल. पण हजारातला खेळायचा कुठला, तर माझं मत ‘फ्रीसेल’ला. साध्या पत्त्यांत निम्मे पत्ते पालथे असतात, नशीब आडवं आलं तर एक्का तळाशीच बसतो आणि आपण काही करू शकत नाही. फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पत्ते पहिल्यापासून उघडे. आठ रांगा, चार पत्ते तात्पुरते ठेवायला चार मोकळी घरं, आणि बाकी सगळं तुमच्यावर.

विंडोजबरोबरच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते, प्रत्येकाला नंबर. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या शंभरावर हौशी लोकांनी ते आपापसांत वाटून घेतले आणि एकेक करून सोडवले. ज्याला सुटला नाही त्याने तो दुसऱ्याकडे द्यायचा. शेवटी एकच उरला : डाव क्रमांक ११९८२. तो पुढे कॉम्प्युटरलाही सुटला नाही, कारण तो सुटतच नाही. काका, याचा अर्थ असा की बाकीच्यांपैकी कुठल्याही डावात हरलात, तर दोष पत्त्यांचा नाही.

क्लासात मी पत्ते लावायला देत असे ते माऊससाठी. चौकटची सत्ती उचलून किलवरच्या अठ्ठीवर नेऊन सोडायची, यात बटण दाबून धरणं, ओढणं, नेमक्या जागी सोडणं सगळं येतं. आमच्या एका बॅचला एक एसटी कंडक्टर होते, तिकिटं फाडण्यात हात विजेसारखा. पहिल्या दिवशी टेबलाची कड आली की ते माऊस हवेत उचलून स्क्रीनला टेकवायला बघायचे. तिसऱ्या दिवशी चार एक्के वर लावून बसले होते. त्याच आठवड्यात एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, की फी घेऊन पोरांना पत्ते शिकवता. मी त्यांनाच खुर्चीवर बसवलं. तासाभराने खालची पिठाची गिरणी सुरू झाली, विजेचा दाब पडला, सगळे कॉम्प्युटर बंद. सगळ्यात मोठ्याने ‘अरे!’ ओरडले ते हेच गृहस्थ.

विंडोज एक्सपीमधला पिनबॉल कुठे गेला? — दोन भाऊ, अकोला

मेला नाही, अडकला. नव्या ६४-बिट विंडोजसाठी तो पुन्हा तयार करायला घेतला तेव्हा चेंडू वस्तूंवर आपटायच्या ऐवजी त्यांच्यातून आरपार जायला लागला. मूळ प्रोग्रॅम बाहेरच्या कंपनीने लिहिलेला, त्यात चूक नेमकी कुठे आहे ते मायक्रोसॉफ्टच्या लोकांना सापडेना, म्हणून व्हिस्टापासून तो वगळला. पुढे एका हौशी माणसाने तो उलगडून आजच्या कॉम्प्युटरवर चालेल असा केलाय, पण त्याला जुन्या खेळाच्या मूळ फायली लागतात. जुनी एक्सपीची सीडी माळ्यावर असेल तर आज ती खाली काढायला निमित्त मिळालं.

मॅडम, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याला कॉम्प्युटरवर क्रिकेट हवंय. घरात एकच लॅपटॉप, तोही ह्यांच्या ऑफिसचा. मोठ्या मुलांकडून त्याने ‘क्रिकेट ०७’चं नाव ऐकलंय. देऊ का? — एक आई, नाशिक

ताई, आधी लॅपटॉपचं बोलू. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही बसवायचं नाही. एवढं पाळलंत की निम्मा प्रश्न आपोआप सुटतो, कारण मग राहतात फक्त ब्राउझरमध्ये चालणारे खेळ.

क्रिकेट ०७ मला चांगलंच माहीत आहे. ईए स्पोर्ट्सने ते २००६ च्या शेवटी काढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या क्लासातल्या चार नंबरच्या मशीनवर ते कुणी बसवलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यात खेळाडूंची खरी नावं वापरायचा परवाना मुख्यतः इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा होता, त्यामुळे बाकी संघांतल्या खेळाडूंची नावं वाकडीतिकडी. पोरं बसून एकेक नाव दुरुस्त करायची. टायपिंगचा तेवढा सराव मी कधी करून घेऊ शकले नाही. पण कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा नाद सोडला. आज ते ‘फुकट डाउनलोड’ म्हणून जिथे दिसतं, तिथे खेळाबरोबर आणखी काय काय घरात येईल ते सांगता येत नाही. नकोच. नव्यातलं ‘क्रिकेट २४’ दिसायला सुरेख आहे, पण त्याला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं.

मुलाला गूगलचं डूडल क्रिकेट द्या (डूडल म्हणजे खास दिवशी गूगलच्या पहिल्या पानावर येणारं चित्र, कधी त्याचा खेळही असतो). २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळी काढलेलं, अजून त्यांच्या डूडलच्या संग्रहात आहे. फलंदाजी रातकिडे करतात आणि क्षेत्ररक्षणाला गोगलगायी. (रातकिड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यालाच शोधायला लावा.) एकच बटण, चेंडू आला की दाबायचं, सगळा खेळ टायमिंगचा. नेट हळू असलं तरी उघडतं. आणि यातलं मला सगळ्यात आवडतं ते हे, की बाद झाला की झाला. उद्या या, बक्षीस घ्या, मित्राला बोलवा, असलं काही नाही. मूल जेवायला उठतं.

त्याने समाधान झालं नाही, तर त्याच संग्रहात टोकियो ऑलिंपिकच्या वेळचं, २०२१ चं ‘चॅम्पियन आयलंड’ आहे. एक मांजर जपानी बेटावर फिरते आणि टेबल टेनिस, तिरंदाजी, स्केटबोर्डिंग, रग्बी असे सात खेळ खेळते. याला मात्र दोन-तीन रविवार पुरतील. तिरंदाजी मला जमली, स्केटबोर्ड नाही.

मोठी मुलं ‘स्टिक क्रिकेट’चंही नाव काढतील. ब्राउझरमधलं ते जुनं रूप फ्लॅश नावाच्या प्रोग्रॅमवर चालायचं, आणि फ्लॅश २०२० संपताना बंद झालं. घरचा स्वतःचा कॉम्प्युटर आला की ‘नेव्हरपट’ बसवा. छोटं गोल्फ, फुकट, चौघं आळीपाळीने एकाच माऊसवर खेळू शकतात. गोल्फ म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, पण नीट पाहिलंत तर तो गोट्यांचाच खेळ आहे, गल भूमितीच्या पेपरात नेऊन ठेवलेली.

रमी खेळून घरबसल्या पैसे मिळतात म्हणतात. तुमचं मत? — वाचक, सोलापूर

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, दोन्ही त्यात आले, आणि त्यांची जाहिरात करणंही आलं. माझं मत त्याआधीही हेच होतं. रमी घरच्यांबरोबर सतरंजीवर खेळा, चिंचोके लावा.

मॅडम, स्टीमवर सेल लागला की मी कोड्यांचे गेम घेतो आणि अर्ध्यात सोडतो. खरंच घ्यावा असा एकच सांगा. — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

अर्ध्यात सोडतोस यात वाईट काही नाही रे, वाईट वाटतं ते पैशांचं. स्टीमवर, म्हणजे त्या ऑनलाइन गेमच्या दुकानात, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलास तर पैसे परत मागता येतात. तू बहुधा दोन तास दहा मिनिटांनी कंटाळतोस.

एकच म्हणालास तर ‘बाबा इज यू’. फिनलंडच्या आर्व्ही तेइकारीने २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये (ठरावीक वेळात खेळ बनवायच्या मेळाव्यात) त्याचा पहिला खर्डा केला आणि २०१९ मध्ये पूर्ण खेळ आणला. मूळ कल्पना जुनी, ‘सोकोबान’ची. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला हा गोदामवाल्याचा खेळ : खोकी ढकलायची, ओढता येत नाहीत, एक खोकं चुकून कोपऱ्यात गेलं की कपाळाला हात. तेइकारीने खोक्यांच्या जागी शब्द ठेवले. पटावर इंग्रजीत ‘वॉल इज स्टॉप’ असे तीन ठोकळे ओळीत पडलेले असतात, आणि ते ओळीत आहेत म्हणून भिंत तुला अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला काढ, की तू भिंतीतून चालत जातोस. ‘बाबा’ म्हणजे तू हलवतोस तो पांढरा, सशासारखा प्राणी. त्याच्या वाक्यातलं ‘बाबा’ काढून तिथे ‘रॉक’ ढकललंस, तर तूच दगड होतोस. नियम पटावरच मांडलेले, आणि नियमच ढकलायचे.

मी हे खेळताना बरेच दिवस विचार करत होते, की मराठीत हा खेळ होईल का. होणं अवघड आहे. इंग्रजीत ‘इज’ मधोमध बसतं, त्याच्या डावीकडे नाव, उजवीकडे गुण, आणि ते कुणासाठी बदलत नाही. आपलं क्रियापद शेवटी, वर पुन्हा ‘भिंत अडवते’, ‘बाबा तू आहेस’, ‘दगड मी आहे’, म्हणजे एकाच ‘इज’साठी तीन ठोकळे कोरा. तू इंजिनिअर होतोयस, बघ काही सुचतंय का.

दोनशेहून जास्त लेव्हल आहेत. मी एका लेव्हलवर मागच्या पावसाळ्यापासून अडकले आहे. उत्तर नेटवर बघू नकोस. खेळ बंद कर, कुकर लाव, भाजी चिर. उत्तर येतं ते तिसऱ्या शिट्टीला.

(दुसरा हवाच असेल तर ‘मिनी मेट्रो’, न्यूझीलंडच्या लोकांचा. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. गर्दी कधी संपत नाही हे त्यांना बरोबर कळलंय.)

ताई, मी न्यू जर्सीत, बाबा कोल्हापुरात एकटे. व्हिडिओ कॉलवर पाचव्या मिनिटाला बोलणं संपतं. आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटरवर काय खेळू शकतो? बाबांना सगळं ‘फास्ट’ असलं की त्रास होतो. — एक मुलगी

बुद्धिबळ, लिचेसवर. एका फ्रेंच माणसाने, तिबो द्युप्लेसीने, २०१० मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ. देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, कुठलीही गोष्ट पैशांसाठी अडवून ठेवलेली नाही. त्यात घड्याळाच्या डावांबरोबर ‘कॉरस्पॉन्डन्स’ डाव आहे. एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत देता येते. पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाली पाठवून खेळायचे, तसंच. तू तुझ्या रात्री चाल कर, ती बाबांना सकाळच्या चहाबरोबर मिळेल. तीन दिवसांची मुदत ठेव. एक दिवसाची ठेवलीस तर वीज गेल्यावरही ते हरतील.

एक अडचण आधीच सांगते. बाबा घरी शिकलेले असतील तर त्यांच्या नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नसतो, आणि राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो. कॉम्प्युटर ती उडी मारू देणार नाही, आणि बाबांना वाटेल माऊस बिघडला. पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉल लावून दोघांनी पट समोर ठेवा आणि नियमांवर हवं तेवढं भांडून घ्या. पाच मिनिटांत नाही संपणार.

आणि डाव लावताना ‘कॅज्युअल’ निवड, ‘रेटेड’ नको, त्यात हार-जितीवर खेळाडूचा गुणांक वर-खाली होतो. आपला आकडा घसरलेला बाबांना आवडायचा नाही.