प्रेत पडू दे, चहा सांडू नकोस

प्रिय,

तुझी बारा पानांची स्क्रिप्ट वाचली. चार खून आहेत, संवाद चटपटीत आहेत, आणि तरीही कुणाला हसू येत नाही, असं तूच पत्रात लिहिलं आहेस. निदान बरोबर आहे. कारण मात्र तू संवादांत शोधलंस, ते तिथे नाही.

ब्रिटिश ब्लॅक कॉमेडी, म्हणजे मृत्यू, खून असल्या भयंकर गोष्टींवरचा विनोद, का आवडते, असं विचारलं की बहुतेक जण 'कोरडा विनोद' म्हणून मोकळे होतात. कोरडेपणा हा परिणाम झाला. त्याच्या मुळाशी एक शिष्टाचार असतो, काहीही झालं तरी न मोडायचा, आणि त्याला खेटून एक भयंकर कृत्य ठेवलेलं असतं. हसू कृत्याचं येत नाही. शिष्टाचार तसाच चालू राहतो, त्याचं येतं.

१९४९ चा 'काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स' पुन्हा पाहा. लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक रॉबर्ट हॅमर. नायक लुईच्या आईने इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून सरदार घराण्याने तिला टाकलं, मेल्यावर घराण्याच्या दफनभूमीतही जागा दिली नाही. मग लुई आपल्या आणि ड्यूकपदाच्या मध्ये उभे असलेले नातेवाईक एकेक करून कमी करायला निघतो. हे नातेवाईक, एका बाईसकट, आठही जण अ‍ॅलेक गिनेसने साकारले आहेत. हा निव्वळ करामतीचा भाग नाही. सगळ्यांचा चेहरा एकच, त्यामुळे एकाचं दुःख करेपर्यंत तोच चेहरा दुसऱ्या टोपीखाली समोर येतो. सहा जण एकाच फ्रेममध्ये दिसतात तो शॉट डग्लस स्लोकोंब या छायाचित्रकाराने कॅमेरा जागचा न हलवता, भिंगापुढचा एकेक भाग झाकत, तीच फिल्म पुन्हापुन्हा मागे गुंडाळून घेतला. कॅमेरा केसभर हलला असता तर सगळं वाया.

त्यातला हेन्रीचा प्रसंग तीनदा पाहा. हेन्रीला फोटोंचा नाद. त्याच्या डार्करूममधल्या दिव्यात लुईने रॉकेलऐवजी पेट्रोल भरून ठेवलंय. स्फोट होतो तेव्हा कॅमेरा डार्करूममध्ये जात नाही. बागेत हेन्रीची बायको एडिथ आणि लुई चहा घेत बसलेत, मागे धूर चढतो, आणि एडिथ नवऱ्याच्या भवितव्याबद्दल बोलत राहते. लुईही सभ्यपणे त्या भवितव्याची चर्चा चालू ठेवतो. पहिल्यांदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून लुई झालेल्या डेनिस प्राइसचा चेहरा बघ, किती कमी हलतो ते. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐक.

आता तुझं पान ३ काढ. सिलिंडर फुटतो तेव्हा तू कॅमेरा स्वयंपाकघरात नेलास आणि जळणारा मामा दाखवलास. एकदा माणूस जळताना पाहिला की प्रेक्षकाला त्याची वेदना कळते, आणि वेदना कळल्यावर पुढची दहा मिनिटं कुणी हसत नाही. कॅमेरा बाहेरच्या खोलीत ठेव, ज्यांना बोलणं चालू ठेवणं भाग आहे त्यांच्यावर.

लुईचं निवेदन नीट ऐक. पूर्ण वाक्यं, घडी घातलेली, आवाज चढत नाही. तुझी पात्रं "मेला रे!" असं ओरडतात, तिथेच हवा जाते. मराठीत तर आपल्याकडे सोयच आहे, क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाईट बातमी शेवटच्या शब्दापर्यंत दाबून ठेवता येते. उदाहरणार्थ: "काकांनी काढा वेळेवर घेतला, वेलदोडा छान लागतोय असंही आवर्जून सांगितलं, आणि त्यानंतर मात्र ते काही बोलले नाहीत." कोकणातलं तिरकस बोलणं कानावर असेल तर हा सूर परका वाटू नये.

याच चित्रपटातला तुरुंगातला फाशी देणारा गृहस्थ पाहून तुला हसू आलं असं पत्रात म्हणतोस, त्या वाक्यावर मात्र थांब. ड्यूक झालेल्या लुईला फासावर चढवताना संबोधावं कसं, याचीच त्याला काळजी. १९४९ साली ब्रिटनमध्ये खरोखर फाशी होत होती, खुनासाठीची ही शिक्षा १९६५ मध्ये थांबली. थिएटरात बसलेल्यांना तो दोर काल्पनिक वाटत नव्हता. तुझ्या स्क्रिप्टमधल्या धोक्याला असं खरं वजन नाही. पोलीस मूर्ख, डॉक्टर मूर्ख, मग पकडलं जाण्याची भीती कुणाला?

शेवटही बघ. लुई सुटतो आणि दाराबाहेर आल्यावर त्याला आठवतं की कबुलीजबाब असलेल्या लेखी आठवणी कोठडीतच राहिल्या. चित्रपट तिथेच संपतो. गुन्हेगार सुटता कामा नये या अमेरिकेतल्या सेन्सॉर नियमापायी तिकडच्या प्रतीत काही सेकंद जोडले आणि कागद अधिकाऱ्यांच्या हाती पडलेले दाखवले. दोन्ही शेवट लागोपाठ पाहिलेस तर तुझं पान १२ कुठे तोडायचं हे मला सांगावं लागणार नाही.

गतीसाठी 'द लेडीकिलर्स' (१९५५, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक). किंग्ज क्रॉसजवळ एका म्हातारीच्या घरात पाच दरोडेखोर वादक असल्याचं भासवून खोली घेतात, बोकेरिनी या संगीतकाराची रेकॉर्ड लावतात आणि आत दरोड्याचा बेत करतात. म्हातारी दर थोड्या वेळाने चहा विचारायला दार ठोठावते. पाचही जण मरतात, पण सगळे शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. आधीचा वेळ त्यांना म्हातारीशी अदबीने वागायची सवय लावण्यात जातो, म्हणून तर तिला मारायची वेळ येते तेव्हा कुणी मारायचं ते काड्या ओढून ठरवावं लागतं आणि ज्याच्या वाट्याला ते काम येतं त्याच्याने ते होत नाही. तुझा पहिला मुडदा पहिल्याच पानावर आहे. तो पान ५ च्या अलीकडे नको.

पात्रांना आपण विनोदी आहोत हे कळलं की खेळ संपतो. अणुयुद्धावरच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४, ब्रिटनमधल्या शेपर्टन स्टुडिओत चित्रित) याच्या शेवटी वॉर रूममध्ये, म्हणजे युद्धाचे निर्णय घेण्याच्या दालनात, एकमेकांवर क्रीमचे 'पाय' (pie, एक गोड पदार्थ) फेकण्याची मारामारी चित्रित झाली होती. दिग्दर्शक कुब्रिकने ती काढून टाकली, बाकीच्या उपहासाशी त्या धिंगाण्याचा सूर जुळेना. तुझ्या पान ९ वरचा पिठाचा गोंधळ त्याच जातीचा आहे. पार्श्वसंगीताचंही तेच: 'टिंग' वाजवून विनोद दाखवू नकोस.

अलीकडचे दोन पुरेत. 'इन ब्रूज' (२००८) मध्ये जिन्यावर गरोदर हॉटेलमालकीण हटेना, तेव्हा मारणारा आणि मरणारा गोळीबार कुठे करायचा हे आपसात ठरवून घेतात. 'साइटसीअर्स' (२०१२) मध्ये कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्या जोडप्याचा पहिला बळी ट्राम संग्रहालयात कागद टाकणारा माणूस असतो. इथे शिष्टाचारच खुनाचं कारण होतो, ही कल्पना मला सर्वांत आवडती.

पण हे सगळं उचलून सदाशिव पेठेत आणू नकोस. तुझ्या स्क्रिप्टमधल्या घरात चांदीची किटली आहे, ती आधी काढ. त्या घराचा स्वतःचा न मोडणारा नियम शोध. मला दिसतो तो पंगतीतला आग्रह. विष बासुंदीत, आणि ते घालणाऱ्यालाच काकू "एक वाटी तरी घ्या" म्हणून वाढतात. नाही म्हणणं तर त्याला येत नाही. हा एकच प्रसंग चार पानांचा कर. खून चारऐवजी दोन ठेव. कोण मेलं हे शेवटच्या ताटाची उष्टी काढताना कळू दे.

दुसरा खर्डा पाठवण्याआधी पात्रांच्या नावांपुढे कंसात लिहिलेलं 'हसत' काढून टाक. मोजले, अकरा आहेत.