वाचक विचारतात : ‘सायको’ची भीती

प्रश्न : आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ मी कितीदा पाहिला याची गणती नाही. पुढचं सगळं पाठ असूनही छातीत धडधडतंच. कॉलेजात जाणारी माझी मुलगी म्हणते, “आई, यात धड रक्तसुद्धा दिसत नाही, घाबरतेस कशाला?” तिला काय सांगू?

उत्तर : मुलीची नजर चांगली आहे. न्हाणीघरात नायिकेला भोसकतात त्या प्रसंगात सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, आणि वाहून जाणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. रंगीत फिल्मवर ते खपलं नसतं. जेमतेम पाऊण मिनिटाचा हल्ला, पण शूटिंगला आठवडा लागला. माझी हयात संकलनाच्या टेबलावर फिल्म कापण्यात गेली, त्यामुळे लोक मला तिथल्या कट्सबद्दलच विचारतात. कट अफलातून आहेत, वाद नाही. संगीतकार बर्नार्ड हरमनची ती किंचाळणारी व्हायोलिनंही. (हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं. हरमनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि साहेबांनी मत बदललं!)

पण माझा जीव टांगणीला लागतो तो त्यानंतर.

आठवून बघा. खून झालाय त्या मोटेलचा मालक नॉर्मन फरशी पुसतोय. बराच वेळ कुणी बोलत नाही. जिचा हात धरून आपण पहिल्यापासून चाललो होतो ती मारियन, चित्रपट निम्मा व्हायच्या आतच गेली. जॅनेट लीसारखी नावाजलेली नटी इतक्यात मरेल, हे १९६०च्या प्रेक्षकाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता कुणाचा हात धरायचा? समोर उरतो हा काडीपैलवान मुलगा, आईनं केलेलं निस्तरणारा. तो प्रेत गाडीत घालतो, सामान घालतो, मारियनने चोरलेले चाळीस हजार डॉलर असलेलं वर्तमानपत्रही आत न बघता फेकतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते. मग थांबते. नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स चघळता चघळता थबकतो, इकडेतिकडे बघतो. आणि आपण? मनात म्हणतो, ‘बूड गं बाई एकदाची!’

एका खुनावर पांघरूण पडावं म्हणून आपण देव पाण्यात घातलेले असतात. शेवट पाठ असला तरी हे दर वेळी होतं, कारण घाबरवणारी गोष्ट पडद्यावरची नसतेच. मुलीला त्या क्षणी विचारा, गाडी बुडावीशी वाटली का? ‘नाही’ म्हणाली तर मला कळवा.

बाकी चित्रपट निर्दोष नाही. शेवटी मनोविकारांचा डॉक्टर नॉर्मनबद्दल जे व्याख्यान झोडतो, ते माझ्या हाती कात्री असती तर अर्ध्यावर आणलं असतं.

प्रश्न : गस व्हॅन सँटने १९९८मध्ये हाच चित्रपट जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत केला. तो का जमला नाही? रंगामुळे?

उत्तर : रंगावर सगळं खापर फोडू नका. हिचकॉकनेही कृष्णधवल निवडलं त्यात काटकसरीचा भाग होताच. आपल्या टीव्ही मालिकेची माणसं घेऊन त्याने सुमारे आठ लाख डॉलरांत काम उरकलं. माझ्या मते घोडं अडलं ते नॉर्मनपाशी. नव्या चित्रपटातला नॉर्मन, व्हिन्स व्हॉन, पडला धिप्पाड गडी, पहिल्याच हसण्यात त्याचा संशय येतो. पर्किन्सला बघून मात्र वाटतं, याला कुणीतरी वेळेवर जेवायला घाला.