‘लाभार्थी’ खोडलं, मग लिहायचं काय?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. क्षेत्रकार्याच्या अहवालात ती ‘लाभार्थी’ लिहिते, बाई लाल शाईने तो खोडून ‘हक्कधारक’ करतात. तिला दोन गोष्टी हव्यात: ‘लाभार्थी’ व्याकरणाने चूक आहे का, आणि ‘हक्कधारक’ असा शब्द मराठीत आहे तरी का?

आधी व्याकरणाचं उरकू. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. विद्या मागतो तो विद्यार्थी, शरण मागतो तो शरणार्थी. त्या हिशेबाने लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. मिळाला की नाही, हे शब्द सांगत नाही. घडण बिनचूक आहे, पण सरकारी कागदात तो ‘ज्याला मिळालं तो’ अशा अर्थाने चालतो. पाटबंधारे खात्याने हा घोळ टाळलाय. त्यांच्याकडे लाभक्षेत्र असतं आणि त्यातला शेतकरी ‘लाभधारक’. न्यासाच्या (ट्रस्टच्या) कायद्याच्या हिंदी तर्जुम्यात ‘हिताधिकारी’ आहे, तोही मला आवडतो, पण आपल्याकडे तो वकिलांच्याही तोंडी फारसा नाही.

बाईंना खुपतोय तो ‘लाभ’, आणि ते मला पटतं. ‘महाप्रसादाचा लाभ घ्यावा’ असं आपण पत्रिकेत छापतो. तिथे देणारा उदार आणि घेणारा भाग्यवान. हाच सूर योजनेच्या फलकावर आला की कायद्याने जे द्यायलाच हवं, तेही प्रसादासारखं वाटायला लागतं.

आता ‘हक्कधारक’. शब्द नवा आहे, कार्यशाळांमधून आलेला. जुना मराठी शब्द ‘हक्कदार’. फारसी ‘दार’ आणि संस्कृत ‘धारक’ यांचं काम एकच, त्यामुळे बाईंनी नुसतं शेपूट बदललंय. पण हक्कदार म्हटलं की लगेच न्याय झाला, असं समजू नका. जुन्या कागदपत्रांत हक्कदार म्हणजे बहुधा वतनदार. देशमुख-पाटलांचे हक्क होते, बलुतेदारांचे होते, आणि महारांचे ‘बावन्न हक्क’ परंपरेने सांगितले जायचे. घरोघर फिरून भाकरी मागणं, मेलेल्या जनावराचं कातडं घेणं, हेसुद्धा ‘हक्क’च होते. त्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी आणि गावकीची कामं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या गुंत्यातून माणसं सोडवण्यासाठी. ज्याला गाव हक्क म्हणत होतं, ती त्यांच्या लेखी गुलामगिरी होती. असली कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडलं. तेव्हा ‘हक्क’ हा शब्दही धुतल्या तांदळासारखा नाही.

गंमत म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण हा काथ्याकूट करतोय, त्यांच्याकडे स्वतःचा शब्द आहे. एका तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. पुढे एक म्हातारी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक आणि हयातीचा दाखला. खिडकीतून विचारणा झाली, “लाभार्थी क्रमांक?” ती म्हणाली, “दोन म्हैने झाले, माजा पगार आला न्हाई.” संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान किंवा श्रावणबाळचे पैसे, गावोगाव लोक त्याला पगारच म्हणतात. पगार हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, मूळ अर्थ देणं चुकतं करणं. पगारात उपकार नसतो, तो थकतो आणि त्यासाठी भांडता येतं. सातासमुद्रापलीकडून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ म्हातारीने अचूक पकडलाय, आणि आपल्याला तो कार्यशाळेत सापडत नाही!

म्हणून माझा सल्ला असा, की एकच शब्द सगळीकडे ठोकू नका. त्या कामात माणसाची भूमिका काय, ते बघा. १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमीवर खोदकाम करणारी बाई मजूर आहे. तिला लाभार्थी म्हणणं म्हणजे तिचा घाम पुसून टाकणं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमीन मागणारा ‘दावेदार’, हा शब्द गावच्या वनहक्क समितीतही रुळलाय. कचेरीत कागद दिला तो अर्जदार. यांतलं काहीच लागू नसेल तर सरळ नाव लिहा, गोपनीयतेसाठी बदललेलं.

राहिला व्यक्तिसहाय्य कार्यातला, म्हणजे एकेका माणसासोबत केलेल्या कामातला (केसवर्क), ‘क्लायंट’. काही जण ‘सेवार्थी’ लिहितात, म्हणजे पुन्हा मागणाराच आला. मी ‘अशील’ सुचवेन. आज तो फक्त कोर्टात ऐकू येतो, पण तो आला अरबी ‘असील’वरून, म्हणजे मूळचा, खरा; ‘अस्सल’ त्याचा भाऊबंद, आणि झुंजीचा असील कोंबडाही त्याच घराण्यातला. वकील आणि असील ही जोडी अशी, की प्रकरण असीलचं, वकील त्याच्या वतीने बोलणारा. समाजकार्यकर्त्याची जागा यापेक्षा नेमकी सांगणारा शब्द मला तरी माहीत नाही. कोर्टाचा वास येतो हे कबूल. बाईंना विचारून बघा.

तुमच्या अहवालातलं वाक्य होतं: ‘सदर लाभार्थ्यास योजनेचा लाभ मिळवून देण्यात आला.’ मी ते असं लिहीन: ‘सुमनबाईंचा तीन महिन्यांचा थकलेला पगार बँकेत जमा झाला, त्यासाठी त्यांनी तहसीलला चार खेपा घातल्या, दोन खेपांना मी सोबत होते.’

आणि तरीही कुठे ‘लाभार्थी’ लिहावाच लागला, सरकारी तक्त्यात लागतोच, तर ‘लाभार्थींना’ लिहू नका. विद्यार्थ्यांना, तसंच लाभार्थ्यांना.