बिहेवियरल न्यूरोसायन्सच्या पेपरला दोन आठवडे आहेत. सराव प्रश्न कधीपासून आणि किती सोडवू?

आजपासून. सगळे धडे संपायची वाट पाहत बसलात तर पेपर आधी येईल. किती, ते सांगतो, पण आधी मी कसा आपटलो ते ऐका.

त्या वर्षी मी प्रश्नसंच तीनदा सोडवला. तिसऱ्या फेरीत प्रश्न अर्धा वाचला की बोट उत्तरावर. एच. एम. (मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नवं काही लक्षात न राहणारा प्रसिद्ध रुग्ण) दिसला की हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, पर्याय ब, पुढचा. पेपरात एच. एम. आला, पण पर्यायच नव्हते. आरशात बघून चांदणी गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय हेच त्याला आठवत नसे. यावरून स्मृतीचे दोन प्रकार वेगळे आहेत असं म्हणायला आणखी कोणता पुरावा लागेल? मी लिहिलं: १९५३ ची शस्त्रक्रिया, हिप्पोकॅम्पस काढला, नवं लक्षात राहीना. दीड ओळ. हवा होता उलटा रुग्ण: बेसल गँग्लिया (हालचाली आणि सवयी सांभाळणारा मेंदूतला खोल भाग) बिघडलेला पार्किन्सनचा, ज्याला काय घडलं ते आठवतं पण सरावाने अंगवळणी पडणारं काम शिकताना तो अडतो. डबल डिसोसिएशन! म्हणजे एका रुग्णात पहिली क्षमता बिघडलेली आणि दुसरी शाबूत, दुसऱ्या रुग्णात नेमकं उलटं. माझ्या वहीत हा शब्द दोनदा अधोरेखित होता. खरं तर माझाच एच. एम. झाला होता. हात तरबेज, विचारलं तर काही सांगता येईना.

माझ्याबरोबर अभ्यास करणारी मैत्रीण सराव प्रश्नांना हात लावत नसे. पुस्तक चार वेळा वाचून तिने माझ्यापेक्षा बरे गुण मिळवले आणि तेव्हापासून दर भेटीत ऐकवते, "प्रश्न सोडवून अभ्यास होत नसतो." साफ चूक. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं: पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिलेले पुढे. बाईसाहेबांची चौथी फेरी पेपरच्या दिवशी सकाळी झाली होती, हे त्या सांगत नाहीत. मध्यंतरी सहज विचारलं, डबल डिसोसिएशन म्हणजे काय गं? म्हणाली, "पुस्तक बघून सांगते."

माझं चुकलं होतं ते सोडवण्याच्या पद्धतीत. पुढच्या पेपरला पर्याय झाकले, उत्तर आधी स्वतः लिहिलं आणि मग चुकीचा पर्याय कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठरेल ते शोधलं. पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन डोपामिन, मग औषध म्हणून त्याऐवजी एल-डोपा का? कारण डोपामिन रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडत नाही, एल-डोपा ओलांडतो. शेजारचा पर्याय होता 'डी-२ रिसेप्टर अडतात' (चेतापेशीवर डोपामिन जिथे जोडलं जातं त्या जागा). इथे चूक, पण हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्याचे हात का थरथरतात असं विचारलं तर तेच उत्तर. एका प्रश्नात दोन धडे झाले. अशाने दिवसाला पंधराच्या वर होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. चुकलेले तीन दिवसांनी पुन्हा घ्या.

हां, एक राहिलं. धडा उघडलाच नसेल तर एकदा वाचून घ्या. उणे ७० मिलिव्होल्ट कशाचे हे माहीत नसताना तर्क लढवण्यात वेळच जातो. पेपरात आकृत्या असतील तर त्या वेगळ्या काढून बघा, माझ्या प्रश्नसंचात एकही नव्हती.