बर्गनला जाताना, डोंगरांविषयी

प्रिय,

ऑगस्टमध्ये तू एका सत्रासाठी नॉर्वेतल्या बर्गनला पोहोचशील. खिडकीतून डोंगर दिसला की मनात येईल, "एवढाच?" शहराभोवतीच्या डोंगरांत सर्वांत उंच उल्रिकेन, तो ६४३ मीटर. आपला तोरणा १४०३. सह्याद्रीत मुरलेल्या पायांना तिथली उंची अडवणार नाही. अडवतील ते पाऊस, वारा आणि अंधार, म्हणून हे पत्र त्यांच्याबद्दलच.

आपण पावसाळी ट्रेकला चिंब भिजतो, पायथ्याशी भजी खातो आणि ओल्या कपड्यांनी एसटीत बसतो. निभतं, कारण आपला पाऊस कोमट असतो. बर्गनमध्ये ऑक्टोबरात गावात ८ अंश असतील, तर उल्रिकेनच्या माथ्यावर ४ धर. दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश उतरतात. त्यात वारा. सुती टी-शर्ट आणि जीन्स पाणी धरून ठेवतात आणि अंगातली ऊब शोषत राहतात. ते कपडे कॉलेजला घाल, डोंगरावर नको. अंगालगत पातळ मेरिनो लोकर, तिच्यावर फ्लीस, सर्वांत वर टोपीचं जलरोधक जॅकेट आणि पँट. इथून पिसांचं जॅकेट घेऊन जायचा मोह होईल. ते भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असताना चढायला लागलास तर दहा मिनिटांत घामानेच भिजशील, मग पावसाची गरजच नाही.

साहित्य लगेच विकत घेऊ नकोस. 'बुआ' नावाच्या केंद्रांतून ते फुकट उसनं मिळतं (नाव ऐकून कीर्तन आठवेल, पण तिथे तंबू आणि स्की असतात). इथून न्यायचे ते फक्त पायात बसलेले बूट.

पहिल्या आठवड्यात फ्लोयेन कर, ३२० मीटर, रुंद वाट. मग उल्रिकेनच्या दगडी पायऱ्या. नेपाळी शेर्पांनी रचलेल्या, १३३३ आहेत. या दोन्ही जमल्या की उल्रिकेनहून पठारावरून फ्लोयेनकडे, सुमारे १५ किलोमीटर, पाच-सहा तास. फसगत इथेच होते. पठार उघडं, धुकं बघता बघता येतं, आणि मग दगडांच्या रचलेल्या राशी हाच आधार. पुढची रास दिसत नसेल तर आधीची सोडू नकोस. ओला कातळ शेवाळाने बुळबुळीत होतो, आणि चमकदार हिरवं शेवाळ दिसलं की खाली दलदल समज, पाय घोट्यापर्यंत जातो.

निघण्याआधी 'यर' या हवामान ॲपवर पाऊस किती एवढंच पाहू नकोस, वारा पाहा. तो मीटर प्रति सेकंदात देतात. १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. माथ्यावर १५ दाखवत असेल तर त्या दिवशी जंगलातली वाट घे. उजेडाचा हिशोब वेगळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरअखेर चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडची सवय, नाश्ता करून दहाला निघू, तिथे घातक. हेडलॅम्प सप्टेंबरपासूनच पिशवीत असू दे. फोन आतल्या खिशात ठेव, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. नकाशा आधीच डाउनलोड कर.

सोबत्याच्या बोटांना जॅकेटची चेन लावता येईना, बोलणं जड झालं, पाय अडखळू लागले, तर 'थोडंच राहिलंय' म्हणत पुढे ढकलू नकोस. वाऱ्याच्या आडोशाला ने, ओलं काढून कोरडं घाल, गोड खायला दे. म्हणूनच जादा लोकरीचे मोजे आणि बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यायचे, आणि शेंगदाण्याची चिक्की. तरीही सावरत नसेल तर सरळ ११२ ला, म्हणजे पोलिसांना, फोन. 'येल्प ११३' हे ॲप तुझं ठिकाण आपोआप पाठवतं, पण ते ११३ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला.

तिथली माणसं डोंगरावर संत्रं आणि 'क्विक लुन्श' चॉकलेट नेतात. त्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला डोंगरावरचे नऊ नियम छापलेले असतात. आठवा नियम म्हणतो, वेळेत परत फिरा, त्यात कमीपणा नाही. शिखर दिसत असताना परत फिरणं आपल्या ट्रेकर मंडळींना फार जड जातं, म्हणून तो नियम तू आधी वाच.

तंबू ठोकायला परवानगी लागत नाही; १९५७ च्या कायद्याने हा हक्क सर्वांना दिला आहे. घरांपासून १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्री, शेतात नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ शेकोटी बंद, म्हणून गॅसची शेगडी घे. सिलिंडर तिथेच विकत घे, विमानात चालत नाही. पर्यटन संघाच्या कुलूपबंद झोपड्यांची किल्ली सभासदांना अनामत भरून मिळते. काहींत शिधाही असतो, खाल्ला तेवढ्याचे पैसे स्वतः हिशोब लावून भरायचे. झोपायला चादरीची पिशवी न्यायची; निघताना लाकडं फोडून, झाडून निघायचं.

ट्रोलटुंगाचा, म्हणजे जिभेसारख्या पुढे आलेल्या कड्याचा, फोटो सगळ्यांनाच हवा असतो. शेगेदालहून जाऊन-येऊन २७ किलोमीटर, दहा-बारा तास. ते सप्टेंबरात उरकून टाक. ऑक्टोबरपासून वाटाड्याशिवाय नको.

आणि परतल्यावर बूट हीटरवर ठेवू नकोस, तळव्याचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, दोन तासांनी बदल.

कळावे.