आत्ता छोटा प्रोसेसर, पुढे मोठा?

प्रिय मित्रा,

आत्ता छोटा प्रोसेसर घ्यायचा आणि पुढे त्याच मशीनमध्ये मोठा बसवायचा, हा तुझा बेत चांगला आहे, पण तो प्रोसेसरवर नाही, मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) तरेल किंवा बुडेल. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए १७००. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला ते चालत नाही. म्हणजे त्या बोर्डावर आज आय३ (इंटेलचा छोटा प्रोसेसर) घेतलास, तर पुढे १४व्या पिढीपर्यंतच मजल. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर मात्र २०२२ पासून रायझन ७०००, ८००० आणि ९००० या तिन्ही मालिका बसतात. नवी मशीन जुळवतोयस, तर तिथेच जा.

सुरुवातीला रायझन ५ ७६०० घे: ६ कोर, ६५ वॅट, डब्यात कूलरही येतो. रायझन ५ ८५००जी स्वस्त दिसेल, पण ग्राफिक्स कार्डासाठी त्यात फक्त ४ लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) आहेत आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी; ७६०० मध्ये ती ३२ आहे. इथे वाचवलेले पैसे पुढे कार्ड घेताना रडवतात.

काटकसर बोर्डात करू नकोस. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक, म्हणजे उष्णता घालवणारा धातूचा तुकडा, नसलेला हलका बोर्ड ६५ वॅट निभावतो. उद्या १२० वॅटचा रायझन ७ ९८००एक्स३डी बसवलास की तापून वेग उतरू शकतो. रॅम १६ जीबीच्या दोन कांड्या एकदमच घे. नंतर आणखी दोन घालू म्हणशील, तर चार कांड्यांवर डीडीआर५ रॅमचा (एएम५ वर हीच लागते) वेग बराच खाली येतो.

एकच पायरी चढायची असेल (७६०० वरून ९६००एक्स, वगैरे) तर पैसे वाया. आणि कोड कंपाइल करायला ८ कोर आजच लागत असतील तर आजच घे. दोनदा खरेदी केल्यावर जुन्याची विक्री क्वचितच फरक भरून काढते.

पुढे बदलावंसं वाटलं तर आधी गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघ. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढले, तर अडतंय ग्राफिक्स कार्ड. जागचे हलले नाहीत, तरच प्रोसेसर.

बदलायच्या दिवशी जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर. नवा चिप जुन्या बायोसवर कदाचित सुरूच होणार नाही. विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरव. एएम५ च्या पिना बोर्डावर असतात, म्हणून प्रोसेसर सरळ खाली ठेव, सरकवू नकोस. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेव, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. कूलर मात्र नवाच लागेल, डब्यातला १२० वॅटला पुरणार नाही.